कासवाने रोखलेला श्वास

डिसेंबरातली सकाळ. एका सर्पमित्राने विहिरीतलं कासव बादलीतून आणलं. तोंडातून नायलॉनचा दोरा लोंबत होता, गळ घशात रुतलेला. गाईम्हशी, कुत्री-मांजरं यांच्यावर तोवर माझा हात बसला होता. कासवाला भूल द्यायला असं काय वेगळं लागणार, असं वाटलं.

आधी गुंगीचं इंजेक्शन, तेही पुढच्या पायात, कारण मागच्या पायातलं रक्त आधी मूत्रपिंडातून जाऊ शकतं. एवढं पुस्तकातलं ठाऊक होतं. मग श्वासनलिकेत नळी आणि आयसोफ्लुरेन. कुत्रं एव्हाना ढिलं पडलं असतं. हे पाय आत ओढतच राहिलं. मी गॅस वाढवला. पुन्हा वाढवला. अखेर मान सैल पडली, गळ निघाला आणि साडेअकराला गॅस बंद केला.

कासव उठेचना. एक वाजला, तीन वाजले. मान आणि पुढचा पाय यांच्या बेचक्यात डॉपलर धरला की हृदयाची सूंऽ सूंऽ ऐकू यायची, फार सावकाश. त्या आवाजावरही विसंबता येत नाही, कासवाचा मेंदू गेल्यावरही हृदय बराच वेळ चालत राहतं. दारातून तो सर्पमित्र पोरगा विचारत होता, “डॉक्टर, गेलं का?” मी नुसता ‘थांब’ म्हणून हात केला. संध्याकाळी सहाला कासवाने एक डोळा उघडला.

माझं काय चुकलं ते नंतर वाचून कळलं. कासवाच्या हृदयाला वर दोन कप्पे, खाली एकच, आणि त्यातला पडदा अर्धवट. त्यामुळे शरीरातून परतलेलं रक्त फुप्फुसाकडे जाऊ शकतं, किंवा फुप्फुसाला वळसा घालून पुन्हा शरीरात. किती कुठे जायचं ते बरंचसं फुप्फुसाच्या धमनीवर ठरतं. व्हेगस ही चेता तिला आवळते. पाण्यात बुडी मारून श्वास रोखलेला असताना फुप्फुसाकडे रक्त पाठवून उपयोग काय? मग कासव वर येतं, श्वास घेतं, आवळ सुटते आणि रक्त फुप्फुसाकडे धावतं. अॅड्रिनॅलिनही तोल त्याच बाजूला झुकवतं.

माझ्या टेबलावर ते कासव जणू बुडी मारूनच बसलं होतं. मी फुप्फुसात गॅस भरत होतो आणि रक्त बाजूने निघून जात होतं. वाढवत वाढवत जो गॅस अंगात मुरला तो बाहेर पडायलाही तोच रस्ता, आणि तो अरुंद. वर स्टीलचं थंडगार टेबल. आता मी आधी ऊब देतो. अॅट्रोपिनने व्हेगसचा जोर उतरवतो. उठवताना शुद्ध ऑक्सिजनऐवजी साधी हवा देतो, कारण ऑक्सिजन भरपूर असला की कासवाला श्वास घ्यायची निकडच वाटत नाही. अमेरिकेत स्नॅपिंग कासवांना अॅड्रिनॅलिन टोचल्यावर ती भुलीतून लवकर उठतात असं दिसलं आहे. ते मीही हाताशी ठेवतो.

कासव, सरडे, साप यांना ‘थंड रक्ताचे प्राणी’ म्हणतात, तो शब्द मला आवडत नाही. भर उन्हात कातळावर पसरलेल्या घोरपडीला हात लावून पाहा! (पाहू नका, चावेल.) अंगात भट्टी नसली तरी रक्ताच्या नळांवर ताबा आहे. प्राणिशास्त्रज्ञ बार्थोलोम्यू यांनी 1960च्या दशकात सरड्यांवर मोजमापं घेतली. सरडा तापतो लवकर, निवतो सावकाश. शरीराचं तापमान तेच असलं तरी तापताना हृदय जास्त वेगाने चालतं. ऊन लागलं की कातडीतल्या वाहिन्या सैलावतात आणि रक्त ऊब आत नेतं. गारठ्यात रक्त कातडीपासून आवरतं घेतलं जातं.

सापांचं आणखी निराळं. झाडावर सरळ चढणाऱ्या सापाचं रक्त शेपटीकडे साचायला हवं, पण त्याचं हृदय डोक्याच्या जवळ असतं, कातडी घट्ट, आणि मागच्या भागातल्या वाहिन्या वेळीच आवळतात. समुद्रसापाचं हृदय बरंच मागे, शरीराच्या मध्याकडे. पाण्यात बाहेरचा दाबच त्याला सावरून धरतो. हवेत डोकं वर करून धरलं तर डोक्याकडचा रक्तदाब कोसळतो. म्हणून किनाऱ्यावरच्या पोरांना मी सांगतो, जाळ्यातला समुद्रसाप विषारी आहे हे तर लक्षात ठेवाच, पण नागासारखा मान धरून उभा लटकवू नका.

त्या कासवाला तिसऱ्या दिवशी त्याच विहिरीत सोडलं. कासव पाणी साफ ठेवतं, म्हणून विहिरीच्या मालक शेतकऱ्याला ते परत हवंच होतं. कासव पायरीवरून घसरलं आणि बुडालं. श्वास घ्यायला कधी वर येतं ते पाहायला मी काठावर बसलो. शेतकरी थोडा वेळ थांबला, मग जेवायला निघून गेला.