सोबत कोणी पुरुषमाणूस नाही का?

मैत्रिणींनो, लग्नानंतर आपण किती वेळा लॉजवर राहिलो, हे एकदा मोजून बघा. मी मोजलं. पंधरा वर्षांत सात वेळा. त्यातल्या तीन वेळा लग्नकार्याला, एका खोलीत नऊ बायका आणि एक आरसा. बाकीच्या चार वेळा देवदर्शनाला. आणि सातही वेळा काउंटरपाशी उभे राहिले ते आमचे हे. मी मागे, बॅगांजवळ. खोलीचं भाडं किती होतं, हेसुद्धा मला घरी आल्यावर हिशेबाची वही लिहिताना कळायचं.

म्हणून ह्या मे महिन्यात जव्हारच्या एका छोट्या लॉजवर आम्ही तिघींनी काढलेल्या दोन रात्रींची हकिगत लिहिते आहे. तिघी म्हणजे मी, आमची अकरा वर्षांची लेक आणि सासूबाई.

सासूबाईंचं बालपण जव्हारचं. वडील तिथे शिक्षक होते. जव्हार संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं आणि त्यानंतरच्या वर्षी ह्यांचा जन्म. त्या अकरा वर्षांच्या असताना वडिलांची बदली झाली आणि जव्हार सुटलं ते सुटलंच. नाशिकहून जव्हार ते किती, जेमतेम ऐंशी किलोमीटर. तरी पासष्ट वर्षांत एकदाही जाणं झालं नाही. का, तर तिथे आता नात्याचं कोणी नाही. आपलं बायकांचं जाणं-येणं नात्याच्या वाटेनेच होतं, नाही का? मावशीकडे, नणंदेकडे, बाळंतपणाला, बाराव्याला. नुसतं ‘बघायला’ म्हणून कोण नेणार?

यंदा ह्यांनी कबूल केलं होतं. पण निघायच्या दोन दिवस आधी ऑफिसात काहीतरी तपासणी निघाली. “दिवाळीत जाऊ,” हे म्हणाले. सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “दिवाळी कोणी पाहिली आहे?” मी तडकाफडकी म्हणून गेले, “आम्ही तिघी जातो.” बोलले खरी, पण रात्री झोप लागली नाही. शाळेत सातवीच्या पोरांपुढे मी वाघीण असते, पण खोली घ्यायची कशी, हे मला खरोखरच ठाऊक नव्हतं.

प्रवास सुखाचा झाला. एस.टी.त सासूबाईंना पंचाहत्तरी उलटल्यामुळे तिकीटच नाही, मला अर्धं, लेकीला अर्धं. तिघींचं मिळून एकच तिकीट झालं म्हणायचं! त्र्यंबकेश्वर सोडलं की तोरंगणचा घाट लागतो, मग मोखाडा आणि पुढे जव्हार. ठाणे जिल्ह्याचं महाबळेश्वर म्हणून जव्हारची ख्याती जुनी. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला तरी लोकांच्या तोंडी ते तसंच राहिलं आहे. पण एक स्पष्ट सांगते, मे महिन्यात महाबळेश्वर मनात धरून जाऊ नका. दुपारी आपल्या नाशकासारखंच तापतं. गर्दी असते ती पावसाळ्यात, धबधब्यांसाठी. मे महिन्यात खोल्या रिकाम्या असतील, असा माझा हिशेब होता.

खोल्या रिकाम्याच होत्या. पहिल्या लॉजवरच्या माणसाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं, मग रस्त्यावर पाहिलं. “सोबत कोणी पुरुषमाणूस नाही का?” मी म्हटलं, “नाही.” “मग खोली नाही.” भिंतीवर अकरा किल्ल्या लटकत होत्या.

दुसऱ्या लॉजचे मालक त्या मानाने बोलायला बरे. आजींना बसायला खुर्ची दिली, लेकीला पाणी दिलं. आधार कार्डं पाहिली. मग म्हणाले, “ताई, राग मानू नका. साहेबांना एक फोन लावून द्या. म्हणजे आपल्याला पुढे कटकट नको.”

कायद्यात अशी अट कुठेही नाही. ओळखपत्र दाखवलं, पैसे दिले, की खोली मिळायला हवी. मग बाई असो की पुरुष. हे मला ठाऊक होतं. मी बी.ए. झालेली बाई, पर्समध्ये स्वतःच्या पगाराचे पैसे होते, शेजारी साठ वर्षं संसार केलेली बाई बसली होती. आणि तरीही, मैत्रिणींनो, मी मुकाट्याने फोन लावून दिला. लेक माझ्याकडे बघत होती. मालकांनी “हो साहेब, काळजी नको साहेब” केलं आणि किल्ली माझ्या हाती दिली. ह्यांनी नंतर फोनवर हसत विचारलं, “मग, दिली ना मी परवानगी?” मला हसू आलं नाही. सासूबाई जिना चढताना एवढंच म्हणाल्या, “तुझ्या जागी मी असते तर मीही लावला असता. पण तू लावायला नको होतास.” ते वाक्य माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

आता खोली. भाडं एका दिवसाचे नऊशे रुपये. दोन खाटा जोडून केलेला पलंग, वर एकच लांबलचक गादी, मधोमध खड्डा. चादर धुतलेली होती, पण आमच्यासाठी धुतली होती असं म्हणवत नाही. उशांच्या अभ्र्यांना खोबरेल तेलाचा वास. आरशावर टिकल्या चिकटवलेल्या, लाल, हिरवी, एक चंद्रकोर. त्या टिकल्या पाहून मला का कोण जाणे बरं वाटलं. पंखा दोनच गतींचा, बंद आणि वादळ. दाराची वरची कडी बसत नव्हती, खालची बसायची, पण दार जरा उचलून धरावं लागे. मात्र खिडकीबाहेर फणस होता आणि संध्याकाळनंतर असा गार वारा सुटला की पंखा बंद करावा लागला. तुम्ही जाणार असाल तर दोन चादरी, स्वतःचा अभ्रा, एक भक्कम कुलूप, कपडे वाळत घालायला सुतळी आणि मेणबत्ती जवळ ठेवा. आमचे दिवे पहिल्याच रात्री दीड तास गेले.

त्या अंधारात शेजारच्या खोलीतून चार-पाच पुरुषांचं मोठमोठ्याने हसणं येत होतं. ग्लासांचे आवाज. एकदा कोणीतरी आमच्या दारापाशी थांबल्यासारखं वाटलं. मी उठून दाराला खुर्ची लावली, खुर्चीवर बॅग, बॅगेवर पितळी तांब्या. म्हणजे कोणी ढकललंच तर आवाज होईल. रात्रभर जागी राहिले. कोणी आलं नाही. पहाटे त्या खोलीतली माणसं निघाली तेव्हा पाहिलं, तर कुठल्याशा कामावरची चार पोरंसोरं होती, माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा फार मोठी नव्हेत. मला बघून त्यांनी मान खाली घातली. मला लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही. पुन्हा गेले तरी तांब्या लावीनच.

सासूबाई मात्र गाढ झोपल्या होत्या. सकाळी उठून बघते तर त्यांनी पांघरुणं घडी करून ठेवलेली, कोपऱ्यातली केरसुणी घेऊन खोली झाडलेली. “अहो आई, इथे आपण पैसे दिलेत,” मी म्हटलं. त्या म्हणाल्या, “सवय नाही गं.” मग कळलं, शहात्तर वर्षांच्या आयुष्यात त्या पहिल्यांदाच लॉजवर राहत होत्या. जिथे जिथे म्हणून त्या झोपल्या, तिथे सकाळी उठून कोणाच्या तरी स्वयंपाकाला हातभार लावला होता. खालून चहा आला. त्यांनी पलंगावर पाय पसरून, भिंतीला टेकून तो चहा प्यायला. चहा पांचट होता. “कोणी केला का असेना,” म्हणाल्या, “मी नाही ना केला.”

आता जे घडलं ते लिहिताना हात जड होतो, पण खरं लिहायचं ठरवलं आहे. पहिल्या दिवशी मी आल्याआल्या न्हाणीघरातल्या भरल्या बादलीत लेकीचे प्रवासाचे कपडे धुऊन टाकले. सकाळी नळ उघडला तर नुसती हवा. टमरेलभरसुद्धा पाणी नाही. मी गॅलरीतून खाली ओरडले, “नऊशे रुपये घेता आणि पाणी देत नाही?” आदल्या दिवशी फोनच्या वेळी जो आवाज निघायला हवा होता, तो आता निघाला.

पाच मिनिटांनी एक मावशी जिना चढून आल्या. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी. पंप बिघडला होता आणि खालच्या टाकीतून दोन मजले पाणी त्या वाहत होत्या, प्रत्येक खोलीसाठी. वय असेल पन्नाशीच्या पुढे. बादलीत पाणी ओतलं आणि वाळत घातलेल्या कपड्यांकडे पाहून त्या सहज म्हणाल्या, “बाई, काल भरलेलं दोन दिवसांचं होतं.”

सासूबाईंनी त्यांना बसवून घेतलं, बरोबरचा लाडू दिला. मावशी मोखाड्याकडच्या एका पाड्यावरच्या. मुलगा-सून दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलेले, पावसाच्या तोंडाशी परतणार. पाड्याची विहीर चैत्रातच तळाला जाते, मग टँकरची वाट बघायची. टँकरचं पाणी विहिरीत ओततात आणि बायका वरून पोहरे सोडतात; गढूळ का होईना, आधी पोहोचेल तिला मिळतं. “इथे बरं आहे,” त्या म्हणाल्या, “जिना आहे, पण पाणी आहे.”

माझी बहीण मुलुंडला राहते. तिच्या नळाला रोज पाणी येतं. मुंबईला ज्या धरणांचं पाणी जातं त्यातलं मध्य वैतरणा, शंभर मीटरहून उंच, ह्याच मोखाडा तालुक्यात आहे. २०१४ पासून ते पाणी मुंबई पिते. ह्या भागात पाऊस कमी आहे म्हणावं तर तसंही नाही. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर पडतो. पण खाली कातळ, वर उतार. पडलेलं पाणी थांबत नाही आणि जे थांबवलं ते दूर जातं. मी इतिहासाबरोबर भूगोलही शिकवते. ‘अतिपर्जन्याचा प्रदेश’ असं फळ्यावर अनेकदा लिहिलं आहे.

जव्हार पाहिलं ते थोडक्यात सांगते. मुकणे राजांचा जयविलास राजवाडा बघण्यासारखा आहे, हनुमान पॉइंटवरची दरी संध्याकाळी सुरेख दिसते. शिरपामाळला शिवाजी महाराज सुरतेला जाताना थांबले होते आणि तिथे जव्हारच्या विक्रमशहा राजांची भेट झाली, असं सांगतात. लेकीला ती गोष्ट सासूबाईंनी सांगितली, माझ्यापेक्षा चांगली. दाभोसा धबधब्याला मात्र मे महिन्यात रिक्षा करून जाऊ नका. काळ्या कड्यावरून दोरीएवढी धार पडत होती. जेवण एका खाणावळीत, नागलीची भाकरी, उडदाची आमटी, ठेचा. तेवढ्यासाठी पुन्हा जाईन. करवंदांचे द्रोण दहा रुपयांना.

सासूबाईंचं घर सापडलं नाही. दोन तास हिंडलो. “इथे चिंच होती, इथून उतार होता,” असं करत त्या तीन बोळ फिरल्या. उतार होता, चिंच नव्हती. जिथे घर असावं तिथे मोबाइलचं दुकान होतं. त्या दुकानाच्या पायरीवर त्या थोडा वेळ बसल्या, करवंदं खाल्ली, बिया पदरात गोळा केल्या आणि म्हणाल्या, “चला, चहा घेऊ. विकतचा.”

तिसऱ्या दिवशी सकाळी निघालो. मावशी दिसल्या नाहीत, त्यांच्यासाठी मालकांकडे शंभर रुपये ठेवले. पोहोचले की नाही कोण जाणे. मालकांनी पावती फाडून दिली. मी पैसे मोजत होते. सासूबाईंनी चष्मा लावून पावती वाचली आणि काउंटरवर परत ठेवली. पावती ह्यांच्या नावाची होती. नाशकात ऑफिसात बसलेल्या माणसाच्या नावाची.

“हे इथे राहिले नाहीत,” सासूबाई म्हणाल्या.

“आजी, नाव कोणाचंही असलं तरी काय फरक पडतो?”

“मग बदला की.”

मालक हसले. जुनी पावती चुरगाळली, नवी काढली, पेन उचललं आणि माझ्याकडे पाहिलं. मी सासूबाईंकडे बोट दाखवलं. त्यांनी नाव सांगितलं. मला क्षणभर कळेना, कारण ते मी पंधरा वर्षांत कधी ऐकलंच नव्हतं. त्यांचं माहेरचं नाव, वडिलांच्या नावासकट.

“आधार कार्डावर तर वेगळं आहे,” मालक म्हणाले.

“जव्हारला मी हीच होते,” त्या म्हणाल्या.

मालकांनी लिहिलं. अठराशे रुपये फक्त. पावतीची घडी करून त्यांनी ती बटव्यात ठेवली आणि बस मोखाड्याला थांबली तेव्हा एकदा बाहेर काढून पाहिली. स्टँडसमोर हंडे घेऊन बायकांची रांग लागली होती. लेकीने खिडकीतून हात केला. रांगेतल्या एका मुलीने, साधारण तिच्याच वयाच्या, रिकामी कळशी काखेला मारून तिला उलट हात केला.