मातीचा श्वास

हिरवळीला पाणी आणि ऊन लागते, हे सर्वांनाच ठाऊक असते. तिच्या मुळांना हवाही लागते, ही गोष्ट मात्र सहसा आपल्या ध्यानात येत नाही. बँकेतून निवृत्त झाल्यावर सांगलीच्या आमच्या घरापुढील ६०० चौरस फुटांच्या हिरवळीची देखभाल माझ्याकडे आली आणि हा विषय मला जवळून अभ्यासता आला.

गेल्या उन्हाळ्यात फाटकापासून पायरीपर्यंतचा, सुमारे १५ फूट लांब व ३ फूट रुंद असा पट्टा पिवळा पडू लागला. नातवंडांचे क्रिकेट, पाहुण्यांची ये-जा, दुचाकी लावणे, सारे त्याच पट्ट्यावर चाले. पाणी दिले तर ते बराच वेळ वरच साचून राही. चिरंजीवांनी सुचविले, "अण्णा, तेवढ्या जागेत पेव्हर ब्लॉक घालून टाकू. कटकटच मिटेल."

माळ्याने मात्र ओल्या मातीत एक लांब स्क्रू-ड्रायव्हर खुपसून पाहिला. इतरत्र तो सहज आत गेला. पिवळ्या पट्ट्यात दोन बोटांवरच अडला. "साहेब, मुळं गुदमरल्यात," तो म्हणाला.

त्याचे निदान शास्त्राला धरून होते. चांगल्या मातीच्या आकारमानाचा साधारण निम्मा भाग घन कणांचा असतो. उरलेल्या निम्म्या भागात पोकळ्या असतात. त्यांत पाणी आणि हवा जवळजवळ सारख्या प्रमाणात असावी. मुळे त्या हवेतून प्राणवायू घेतात. माती पायाखाली दबली की मोठ्या पोकळ्या आधी मिटतात. मग पाणी मुरत नाही आणि हवाही शिरत नाही. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर मालमत्ता भरपूर, परंतु खेळते भांडवल नाही! मराठीने भांडवलाला आणि हवेला 'खेळते' हे एकच विशेषण दिले आहे, ते किती समर्पक आहे!

यावर उपाय म्हणजे दबलेल्या मातीत ३ ते ४ इंच खोल छिद्रे पाडणे. भरीव खिळा मातीला बाजूला दाबतो; पोकळ दात्यांचे अवजार मातीची छोटी कांडी बाहेर काढते, म्हणून ते अधिक उपयुक्त. माती ओलसर असावी, चिखल नसावा, आणि गवत वाढीला लागलेले असावे. आमच्या हरळीची ही वाढ उष्ण हवेत व पावसाळ्यात जोमाने होते.

येथे सौ.ने एक प्रश्न उपस्थित केला. "अहो, पावसाळ्यात जमीन टोचायची? त्यात गांडुळं असतील." तिचा प्रश्न टाळण्याजोगा नव्हता. गांडूळ हा स्पर्श आणि रसना असलेला द्वींद्रिय जीव. गृहस्थाला आरंभी हिंसा पूर्णतः टाळता येत नाही हे खरे. परंतु म्हणून यत्नाचार सुटत नाही. शिवाय माती भुसभुशीत करण्याचे जे काम आम्ही अवजाराने करणार होतो, तेच काम गांडूळ आयुष्यभर मूकपणे करते. चार्ल्स डार्विनने १८८१ साली गांडुळांच्या या कार्यावर एक संपूर्ण ग्रंथच लिहिला होता. दुसरीकडे, पेव्हर ब्लॉक घातले तर त्याखालील सारी जीवसृष्टी कायमची झाकली जाणार, हेही दिसत होते.

अखेर असे ठरले की, काम चातुर्मासापूर्वी उरकावे, तेही केवळ त्या पट्ट्यापुरते. मे महिन्याच्या अखेरीस आदल्या संध्याकाळी हलके पाणी देऊन सकाळी काम सुरू झाले. चार-चार इंचांवर सुमारे ४०० छिद्रे पडली. सौ. शेजारी स्टूल टाकून प्रत्येक कांडी निरखीत होती. एकाही कांडीत गांडूळ निघाले नाही. तिला हायसे वाटले. माझ्या मनात मात्र आले की, ही जमीन इतकी कठीण झाली होती की त्या मुक्या जीवांनीही ती सोडून दिली होती.

कांड्या तेथेच वाळू दिल्या. त्या आपोआप फुटून मातीत मिसळल्या. वर चाळलेल्या शेणखताचा पातळ थर पसरला. दुचाकी फाटकाबाहेर गेली आणि क्रिकेट जवळच्या मैदानावर.

भाद्रपदापर्यंत हरळीचे धुमारे त्या पट्ट्यात पसरले होते. एके सकाळी गवतात मातीच्या बारीक गोळ्यांच्या ढिगल्या दिसल्या. गांडुळे परतली होती. सौ.ने नातवंडांना बोलावून त्या दाखविल्या आणि तेथून जपून चालण्यास सांगितले.

हिंसा मुळीच घडली नाही, असा दावा मी करणार नाही. डोळ्यांना न दिसणारे जीव मोजणार कोण? पण काम आवश्यक तेवढेच, योग्य वेळी आणि पाहून केले, तर हानी कमी होते, एवढे नक्की. पुढे कधी ते अवजार लागलेच, तर ते चातुर्मासाआधीच हाती घ्यायचे, हा आता आमच्या घरचा नियम आहे.