काकांनी घट्ट केलेलं पाणी

रसायनशास्त्र शिकून मी डोंगरकडा या माझ्या गावाहून अहमदाबादला ओएनजीसी या तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत रुजू झालो. तिथं मला हाताला धरून शिकवलं ते एका मदतनीस काकांनी. त्यांच्याजवळ पदवी नव्हती. मात्र पॉलिमरचं पाणी त्यांच्याइतकं सुरेख बनवणारं दुसरं कुणी मी आजवर पाहिलं नाही.

अहमदाबादजवळच्या साणंदचं तेलक्षेत्र 1962 साली सापडलं. तिथलं तेल घट्ट. ते ढकलायला खडकात नुसतं पाणी सोडलं तर ते तेलाला बगल देऊन सरळ पलीकडच्या विहिरीत निघतं. हे मला चटकन उमगलं. आमच्या भेगाळलेल्या काळ्या रानात पाटाचं पाणी एका भेगेत शिरलं की पुढची केळी कोरडीच राहते. यावर उपाय म्हणून पॉलिमर मिसळून पाणीच घट्ट करायचं. साणंदला त्याची चाचणी 1985 मध्ये सुरू झाली. लिटरभर पाण्याला पॉलिअ‍ॅक्रिलअमाइड हे पॉलिमर ग्रॅमभरही पुष्कळ होतं, इतकी त्याच्या रेणूची साखळी लांब असते.

काका आधी पाण्यात भोवरा पाडत आणि त्याच्या काठावर चिमटीनं भुकटी भुरभुरवत. एकदम ओतली तर बाहेरून चिकट, आतून कोरड्या गाठी होतात. भुकटी भिजली की ढवळणं अगदी मंद. "जोरात फिरवलंस तर साखळी तुटेल, बेटा." तुटलेली साखळी पुन्हा जुळत नाही, पाणी पातळच राहतं. पंप आणि झडपा निवडतानाही हीच काळजी घ्यावी लागते. माझ्या मते या शास्त्राचा अर्धा जीव या सबुरीत आहे.

मिठाचा त्यांना भारी धाक. साखळीवरचे ऋणभार एकमेकांना दूर लोटतात, म्हणून ती पसरून राहते. पाण्यात मीठ, त्यातही कॅल्शियम असलं की ती आखडते. पाणी तपासल्याखेरीज काका भुकटीचा डबा कुणाला उघडू देत नसत, मोठ्या साहेबांनासुद्धा.

पुढे राजस्थानात बारमेरच्या मंगला क्षेत्रात पॉलिमरचं मोठं काम उभं राहिलं, तिथं मी गेलो. तोवर काका निवृत्त झाले होते. नव्या मुलांना शिकवताना माझ्या तोंडी त्यांचेच शब्द येतात.

दरवर्षी आमच्या रानातली हळद शिजवून, वाळवून, पॉलिश झाली की पहिली पिशवी काकांकडे जाते. काकी खाखरे पाठवतात. एवढ्यानं ऋण फिटत नाही आणि मला ते फेडायचंही नाही. फोन लागला की काका आधी विचारतात, "पाण्यात क्षार किती?" आकडा ऐकल्यावरच घरच्यांची चौकशी.