लिंबाला पाणी

मराठवाड्यात कडुनिंबाला नुसते लिंब म्हणतात. त्याविषयीची आमच्याकडची सर्वमान्य समजूत अशी, की लिंबाला काही करावे लागत नाही, तो आपसूक येतो. हे निम्मे खरे आहे. साळुंक्या आणि वटवाघळे निंबोळीचा गर खाऊन बी कुठेही टाकतात, आणि मग शेताच्या बांधावर, पडक्या वाड्याच्या भिंतीत, स्मशानाच्या वाटेवर लिंब उगवतो. पण आपण पाहतो ती जगलेली झाडे. पहिल्या दोन उन्हाळ्यांत जी करपली त्यांची मोजदाद कोणी ठेवलेली नसते, आणि 'दुष्काळातही तगणारे झाड' हा लौकिक उरलेल्यांच्या जिवावर उभा राहतो.

लातूरच्या आमच्या अंगणातला लिंब मी २०१३च्या पावसाळ्यात निंबोळीपासून रुजवला. निंबोळीचे बी साठवून चालत नाही. दोन-चार आठवड्यांतच त्याची रुजण्याची शक्ती झपाट्याने ओसरते. पिवळी झालेली फळे वेचावीत, गर चोळून धुऊन काढावा, बी सावलीत जरासे सुकवावे आणि लगेच लावावे. पिशवी शक्य तितकी उंच घ्यावी. लिंबाचे सोटमूळ खाली धावते आणि आखूड पिशवीत ते तळाशी वेटोळे घालते. असे वेटोळलेले रोप वरून टवटवीत दिसते, पण त्याला पाण्याचा शोध घेता येत नाही. पहिल्या वर्षी झाड वर फारसे वाढत नाही म्हणून लोक कंटाळतात. तेव्हा त्याचे काम जमिनीखाली चाललेले असते.

२०१४च्या जुलैत ते रोप घराच्या पश्चिमेला लावले, कारण आमच्याकडे खरा छळ दुपारनंतरच्या उन्हाचा. शेळ्यांसाठी बाभळीच्या काट्यांचे कुंपण केले. (गुरे कडू पाल्याला सहसा तोंड लावत नाहीत, शेळीला असले सोवळे नाही.) बुंध्यापासून हातभर अंतरावर एक मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरले. मडक्यात भरलेले पाणी हळूहळू पाझरते आणि मुळे त्या ओलीच्या मागे खोल जातात. रोज तांब्याभर पाणी शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा पोटभर देणे केव्हाही बरे. शिंपडण्याने मुळे वरच्यावर राहतात आणि झाडाला आपल्या हाताची सवय लागते.

त्यानंतरचे दोन्ही पावसाळे मराठवाड्याला कोरडे गेले. २०१६ साली मांजरा धरण आटले. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लागू करावी लागली, आणि १२ एप्रिलला मिरजेहून रेल्वेने लातुरात पाणी आले. पहिल्या खेपेला दहा टाक्या होत्या, सुमारे पाच लाख लिटर. जमिनीत दोन वर्षेही न झालेला लिंब त्या उन्हाळ्यात माझ्या खांद्याएवढा होता. तांदूळ आणि भाज्या धुतलेले, बिनसाबणाचे पाणी आम्ही बादलीत साठवत असू आणि आठवड्याने त्या मडक्यात ओतत असू. एका संध्याकाळी शेजारच्या काकू फाटकाशी थांबल्या. घागरींच्या रांगेतून परतत होत्या. म्हणाल्या, "सर, माणसाला प्यायला नाही अन् तुम्ही झाडाला घालायलाव?"

ते पाणी वापरलेले आहे, हे उत्तर माझ्याजवळ होते आणि मी ते दिलेही. पण त्याने प्रश्न मिटत नाही. त्या पाण्याने फरशी पुसता आली असती, संडासात ओतता आले असते. आणि तेवढे चांगले पाणी वाचले असते. दुष्काळात पाण्याला निरुपयोगी असा प्रकारच नसतो. मी दुसरा हिशेब मांडत होतो: या दोन-तीन उन्हाळ्यांत पाणी दिले तर पुढे कित्येक वर्षे द्यावे लागणार नाही, आणि सावली मात्र सर्वांना मिळेल. हा हिशेब मला आजही पटतो. तरी रांगेत तीन तास उभ्या राहिलेल्या बाईसमोर उद्याच्या सावलीचा हवाला देणे मला शोभले नाही, आणि मी तो दिला नाही. पाणी मात्र घालत राहिलो. ज्या जिल्ह्यात कोरड्या वर्षांतही उसाचा मळा उभा राहतो, तिथे आठवड्याच्या एका बादलीवर माणूस आणि झाड यांनी भांडावे, याची चीड अधिक आली.

२०१७पासून त्याला पाणी दिलेले नाही. लिंब माघ-फाल्गुनात पाने झाडतो, पण ऊन खरे तापायच्या आत तांबूस पालवीने भरून येतो. पाठोपाठ बारीक पांढरा मोहर, ज्याचा वास रात्री अंगणभर असतो. सावली जेव्हा हवी तेव्हा ती तयार असते. मादागास्करहून आलेला गुलमोहर आपण रस्तोरस्ती लावला. तो ऐन वैशाखात डोळे दिपवतो, पण खाली उभे राहिले की ऊन डोक्यावर येतेच.

लिंबाच्या कीर्तीविषयी बोलताना युरोपातील पेटंटची लढाई हटकून निघते. निंबाच्या तेलाच्या बुरशीनाशक वापरावर १९९४ साली दिलेले ते पेटंट २००० साली रद्द झाले आणि २००५च्या मार्चमध्ये त्यावरचे अपीलही फेटाळले गेले. अभिमान वाटावा अशीच गोष्ट. फक्त आपल्याच गल्लीत बुंध्यापर्यंत सिमेंट ओतून त्याच लिंबाचा गळा आवळला जातो, तेव्हा कोणी अपील करत नाही. आमच्या दारी रस्ता झाला तेव्हा बुंध्याभोवती दीड हात माती मोकळी सोडा, एवढे सांगायला मला दोन दिवस कंत्राटदाराच्या मुकादमापाशी उभे राहावे लागले.

आता नवी काळजी आहे. २०२१ साली शेजारच्या तेलंगणात लिंबांच्या फांद्या टोकाकडून वाळत गेल्या. पाने रसशोषक ढेकण्याने जायबंदी करायची आणि मग बुरशीने आत शिरायचे, असा तो रोग. जगभर कीटकनाशक म्हणून ज्याची ख्याती, त्यालाच किडीने गाठावे! पावसाळा सरला की मी शेंडे निरखतो. एखादी डहाळी वाळलेली दिसली तर खालच्या हिरव्या भागासकट कापून जाळून टाकतो, आणि कोयता पुसल्याशिवाय दुसऱ्या फांदीला लावत नाही. मागच्या कार्तिकात तशा तीन निघाल्या.