दुर्लक्षित चित्रपट आणि आपली नजर

आचार्य अत्रे यांनी लागोपाठ दोन चित्रपट काढले. 1953 चा 'श्यामची आई' आणि 1954 चा 'महात्मा फुले'. पहिल्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, दुसऱ्याला रौप्यपदक. दुसऱ्याच्या मुहूर्ताला खुद्द बाबासाहेब हजर होते. बाबूराव पेंढारकर जोतीराव आणि सुलोचनाबाई सावित्रीमाई. दिग्दर्शक तोच, काळ तोच. तरीही 'श्यामची आई' घराघरात पोचली आणि 'महात्मा फुले' आज जयंतीच्या दिवशीसुद्धा कुणाला आठवत नाही. हा दर्जाचा प्रश्न आहे काय? आमचे स्पष्ट मत आहे, की चित्रपट आपोआप विस्मरणात जात नाहीत. कोणता दाखवायचा आणि कोणता डब्यात ठेवायचा, हे कुणीतरी ठरवत असते.

हे आज लिहिण्याचे कारण म्हणजे आपल्या तरुण कार्यकर्त्यांशी सिनेमावर बोलायला बसलो की चर्चा 'फँड्री'पासून सुरू होते, 'सैराट'वर येते आणि पा. रंजितपर्यंत जाते. या चित्रपटांचा आम्हालाही अभिमान आहे. पण त्याआधीच्या काळाबद्दल विचारले तर उत्तर येते, "ते आर्ट फिल्मवाले, सवर्णांचे सिनेमे." यातला दुसरा भाग खरा आहे. ते बहुतेक आपल्या लोकांनी काढलेले नाहीत. म्हणून ते पाहायचेच नाहीत, हे मात्र आम्हाला मान्य नाही.

सत्यजित राय यांचा 'सद्गती' घ्या. 1981 साली दूरदर्शनसाठी केलेला, तासाभरापेक्षाही छोटा. प्रेमचंदांची कथा. ओम पुरी, स्मिता पाटील आणि पंडिताच्या भूमिकेत मोहन आगाशे. मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढून घ्यायला दुखी चांभार पंडिताच्या दारी जातो. पंडित त्याला अंगण झाडायला लावतो, भुसा वाहायला लावतो, मग लाकडाचा भलामोठा ओंडका फोडायला लावतो. तापातून उठलेला, उपाशी दुखी कुऱ्हाड चालवता चालवता मरतो.

आम्ही हा चित्रपट प्रथम वसतिगृहाच्या खोलीत, दहाबारा जणांनी मिळून पाहिला. तेव्हा दुखीच्या लाचारीची चीड आली. पुन्हा पुन्हा पाहिल्यावर नजर दुसरीकडे गेली. दुखी मेल्यानंतर चांभारवाड्यातले लोक प्रेत उचलायला येत नाहीत. प्रेत विहिरीच्या वाटेवर पडलेले, ब्राह्मणांचे पाणी बंद. झुरिया भर पावसात पंडिताच्या दाराशी आक्रोश करते, दार उघडत नाही. शेवटी पहाटे पंडित स्वतः येतो, प्रेताला हात न लावता पायाला दोरीचा फास अडकवतो आणि मेलेली जनावरे टाकतात तिथवर ओढत नेतो.

समीक्षकांनी या शेवटात करुणा पाहिली. आम्हाला त्यात असहकार दिसतो. प्रेमचंदांनी ही कथा लिहिण्याआधीच, 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढण्याचे काम सोडायला सांगितले होते. ते काम आपण सोडले की कुणाच्या गळ्यात पडते, हे पंडिताच्या हातातली दोरी दाखवते. ही गोष्ट कुणा समीक्षकाने आम्हाला सांगितली नाही. ती पाहायला चळवळीची नजर लागते.

गोविंद निहलानी यांचा 'आक्रोश' 1980 चा, लेखन विजय तेंडुलकरांचे. बायकोच्या खुनाच्या खोट्या आरोपात अडकलेला आदिवासी लहान्या भिकू कोर्टात, वकिलासमोर तोंड उघडत नाही. या मौनावर भरपूर लिहिले गेले. पण अमरीश पुरींनी केलेल्या सरकारी वकील दुसाने यांच्यावर किती लिहिले गेले? तोही आदिवासीच. शिकला, पदाला पोचला, आणि घरच्या फोनवर निनावी माणूस त्याची जात काढून शिव्या देतो. तो फोन खाली ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी लहान्याच्या विरोधात उभा राहतो. नोकरीत असलेल्या आपल्या प्रत्येक भावाने, बहिणीने हा माणूस पाहावा असे आम्हाला वाटते. शिकून वर गेलेला माणूस एकटा पडला, की व्यवस्था त्याला कशी वापरते, याचे इतके खरे चित्र आम्ही क्वचितच पाहिले आहे.

गौतम घोष यांच्या 'पार'मध्ये (1984) बिहारमधले भूमिहीन मजूर किमान मजुरी मागतात आणि त्यांची वस्ती जाळली जाते. नौरंगिया आणि गरोदर रमा कलकत्त्याला पळतात. गावी परतण्याच्या भाड्यासाठी दोघे डुकरांचा कळप पोहत नदीपार नेतात. या भूमिकेसाठी नसीरुद्दीन शाह यांना व्हेनिसला पुरस्कार मिळाला. व्हेनिसने पाहिलेला हा चित्रपट आपल्या किती वस्त्यांनी पाहिला?

आता आक्षेपाकडे वळू. या तिन्ही चित्रपटांत आपला माणूस मरतो, गप्प राहतो किंवा पळतो. संघटना, सभा, निळा झेंडा त्यात नाही. ही त्यांची मर्यादा आहे आणि ती ठणकावून सांगितलीच पाहिजे. म्हणूनच जब्बार पटेल यांचा 'मुक्ता' महत्त्वाचा. नामांतर झाले त्याच 1994 सालचा. मराठा राजकारणी घरातली मुलगी (सोनाली कुलकर्णी) आणि दलित चळवळीतला कवी (अविनाश नारकर). इथे आपला तरुण बोलतो, वाद घालतो, कविता म्हणतो. 'सैराट'च्या 22 वर्षे आधी. राष्ट्रीय पुरस्कार मिळूनही आज त्याचे नाव कितीजणांना ठाऊक आहे?

मित्रांनो, जुना चित्रपट पाहताना तीन प्रश्न विचारा. बोलतो कोण? कष्ट कोण करतो? आणि कॅमेरा कुणाच्या दारात उभा आहे? या प्रश्नांसह पाहिलेला सवर्ण दिग्दर्शकाचा चित्रपटही आपल्या कामाचा पुरावा ठरतो. पुरावा दुसऱ्याने लिहिला म्हणून आपण तो फेकून देत नाही, तपासून घेतो.

येत्या 11 एप्रिलला, जोतीरावांच्या जयंतीला, डीजेच्या वर्गणीतून थोडे पैसे बाजूला काढा. विहारात पडदा लावा, 'महात्मा फुले' दाखवा, नंतर तासभर चर्चा करा. पोरांना बोलू द्या, बायांना आधी बोलू द्या. आपले चित्रपट कोणते, हे आता आपण ठरवू.

जय भीम!