पालकाचा रकाना

आमच्या वसतिगृहाच्या प्रवेश नोंदवहीतील सातवा रकाना 'पालकाचे नाव व विद्यार्थ्याशी नाते' असा आहे. गेली बावीस वर्षे ही नोंदवही माझ्याकडे आहे. संपादक मंडळाने स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा जुन्या नोंदवह्या काढून बसले. विद्यार्थिसंख्या, निकालांची टक्केवारी, गुणवंतांची नावे असे काही हाती लागेल, अशी अपेक्षा होती. नजर मात्र या रकान्यातच अडकली. सर्वांत अधिक वेळा 'वडील' आहे, हे खरे. पण 'आजी' किती ठिकाणी! त्याखालोखाल 'मामा', 'चुलता', दोन ठिकाणी 'थोरली बहीण'. आणि एका वर्षी, एकाच दिवशी, एकाच निळ्या शाईत तीन मुलांपुढे एकाच माणसाची सही. नात्याच्या जागी शब्द आहे 'मुकादम'. अक्षर माझेच आहे.

आमच्या भागातील वाचकांना याचा उलगडा करून सांगायला नको. दसरा सरला की गावे रिकामी होऊ लागतात. उचल घेतलेली असते, आणि उचल एका माणसावर मिळत नाही, कोयत्यावर मिळते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ट्रक ज्या रात्री निघायचा त्या रात्री निघतो. मागे राहिलेली मुले आजीकडे राहतात, आजी नसेल तर बरोबर जातात, आणि नशीब असेल तर आमच्यासारख्या वसतिगृहात येतात. त्या वर्षी तिन्ही मुलांचे आईबाप आधीच पश्चिम महाराष्ट्रातील एका कारखान्यावर पोहोचले होते. मुलांना मुकादमाने जीपमधून आणून सोडले, सही केली आणि तो निघून गेला. त्यांतला चौथीतला मुलगा संध्याकाळपर्यंत फाटकाशी बसून राहिला. जेवला नाही, रडलाही नाही.

त्या दिवशी स्टाफरूममध्ये आमचे एक तरुण सहकारी संतापाने म्हणाले, "बाई, दुचाकी चालवायला परवाना लागतो, पानटपरी टाकायला लागतो. आईबाप व्हायला मात्र काहीच लागत नाही. त्यालाही सरकारची परवानगी हवी." मी मान हलवली. नुसती सौजन्याने नव्हे; त्या क्षणी मला ते पटले होते. रात्री मात्र त्या हललेल्या मानेने झोप येऊ दिली नाही, कारण अशी परवानगी माझ्या घराने दोन वेळा आणि दोन्ही बाजूंनी पाहिली होती.

हा विचार काही आमच्या स्टाफरूममध्येच जन्मला नाही. ह्यू लाफॉलेट या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९८० साली एका निबंधात तो रीतसर मांडला. ज्या कामातून दुसऱ्याला इजा होऊ शकते, ज्याला कौशल्य लागते आणि ते कौशल्य तपासण्याची बरी पद्धत सापडू शकते, त्या कामाला आपण परवाना मागतो. मग पालकत्वालाच सूट का? त्याचा सर्वांत बळकट दाखला असा की, दत्तक घेणाऱ्यांना आपण तपासतोच.

तो दाखला माझ्यापुरता पुस्तकातला नाही. मी आई झाले ती परवानगीने. लग्नाला दहा वर्षे झाल्यावर, २००६ साली, आम्ही मुलगी दत्तक घेतली. वेतनाचे दाखले दिले, रक्त-लघवीच्या तपासण्या दिल्या, दोन प्रतिष्ठित परिचितांची पत्रे जोडली. मग घर पाहायला समाजसेविका आल्या. पलंग किती, पाणी किती वाजता येते, संध्याकाळी दोघे किती वाजता घरी येता, भांडणे होतात का, सगळे त्यांनी विचारले. शेवटी, "मूल कोणत्या समाजाचं चालेल?" हेही विचारले. यजमान म्हणाले, "ते आमचंच होणार ना? मग आमच्याच." बाईंनी ते कसे लिहून घेतले, कोण जाणे. पुढे न्यायालयाचा आदेश मिळाला. (२०२१ च्या कायदादुरुस्तीनंतर हे आदेश जिल्हाधिकारी देतात.)

त्या दिवशी माझे वडील, अण्णा, ओसरीवर बसून सगळे ऐकत होते. समाजसेविका गेल्यावर त्यांनी विचारले, "झालीस का पास?" मी हसले. ते हसले नाहीत. म्हणाले, "बरंय. माझ्या टायमाला घर पाहायला कुणी आलं नव्हतं. नुसतीच गाडी आली होती."

ती गाडी १९७६ च्या पावसाळ्यात आली. अण्णा एका सरकारी कचेरीत शिपाई होते. कचेरीचे नाव सांगण्यात आता अर्थ नाही. आम्ही चार भावंडे, मी धाकटी, सहा वर्षांची. दोन महिने पगार थांबवला गेला. नसबंदीचे प्रमाणपत्र आणा आणि पगार घेऊन जा, असा तोंडी निरोप होता. ज्यांची नावे यादीत वर होती ते बहुतेक आमच्याच वस्तीतले होते. चार-पाच मुलांचे साहेबही त्या कचेरीत होते, पण त्यांची नावे यादीत कुठेच नव्हती. अण्णांचे प्रमाणपत्र अजून माझ्या ट्रंकेत आहे, घडीवर फाटलेले.

पुढे एम.ए.ला इतिहास शिकताना कळले की त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीची नसबंदी करणारे विधेयक संमत केले होते. असे करणारे हे देशातले पहिले राज्य. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही आणि ते विधेयक कधी अंमलात आले नाही. माझ्या टिपणवहीत त्यापुढे 'अंमलबजावणी नाही' असे मी परीक्षेसाठी लिहिले आहे. आमच्या घरात त्याची अंमलबजावणी झाली होती. १९७६-७७ या एका वर्षात देशभर ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. शाह आयोगापुढे त्यांतील मृत्यूंच्या सतराशेंहून अधिक तक्रारींची नोंद झाली. त्या आकड्यांत पगार अडवलेली माणसे वेगळी मोजलेली नाहीत.

आईला मी एकदाच विचारले. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "पाचवं मला नकोच होतं गं. पण नको म्हणायची पाळी माझी होती. ती साहेबानं घेतली."

चौदा एप्रिलच्या व्याख्यानांत मी वर्षानुवर्षे एक वाक्य वापरत आले: बाबासाहेब हे रामजी आणि भीमाबाईंचे चौदावे अपत्य, परवानगीचा कायदा असता तर ते जन्मलेच नसते. टाळ्या हमखास पडतात. आता ते वाक्य मी वापरत नाही. एक तर, थोर माणूस निघाला म्हणून त्याचा जन्म योग्य ठरवायचा, तर जे थोर निघाले नाहीत त्यांच्या जन्मांचे काय? माझ्या तिन्ही भावंडांपैकी कुणीही थोर नाही. दुसरे म्हणजे, ते वाक्य बाबासाहेबांवरच अन्याय करते. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव त्यांच्या पुढाकाराने आला. त्या दिवशी ते उपस्थित नव्हते म्हणून त्यांचे भाषण पी. जे. रोहम यांनी वाचून दाखवले. ठराव फेटाळला गेला. मोठ्या कुटुंबाने गरिबाचे आणि विशेषतः स्त्रीचे काय होते, हे ज्याने बोलून दाखवले, त्याला स्वतःच्या घराचा अनुभव होता. रमाई आणि बाबासाहेबांच्या पाच अपत्यांपैकी एकटे यशवंतराव जगले. संततिनियमनाच्या प्रचारासाठी खटले सोसणाऱ्या र. धों. कर्वे यांचे वकीलपत्र १९३४ साली त्यांनीच घेतले होते.

मात्र त्या ठरावात सरकारकडे काय मागितले होते, हे नीट वाचावे. प्रचार करा आणि साधने उपलब्ध करून द्या, एवढेच. त्याआधी दहा वर्षे, १९२८ साली, मुंबई कायदेमंडळात गिरणीकामगार स्त्रियांच्या प्रसूती-लाभाच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला होता. बाळंतपणात मजुरी बुडू नये म्हणून. मूल नको असेल तर साधन, हवे असेल तर भरपगारी विसावा. दोन्हींत सरकारने काही द्यायचे आहे, आणि विचारून घ्यायचे आहे ते स्त्रीने.

परवानगी देणारा हात नेहमी कुणाकडे पाहतो, हे इतिहासात शोधावे लागत नाही, ते समोरच येते. अमेरिकेत १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने व्हर्जिनियातील कॅरी बक या गरीब तरुणीची सक्तीची नसबंदी वैध ठरवली. ती मंदबुद्धी, तिची आई मंदबुद्धी, आणि तिचे तान्हे मूलही 'काहीसे बरोबर नाही' असे साक्षीत सांगितले गेले होते. ते मूल, व्हिव्हियन, पुढे शाळेत गेले. १९३१ साली तिचे नाव गुणवंत विद्यार्थ्यांच्या यादीत आले. पुढच्याच वर्षी ती आजाराने वारली. शिक्षिका म्हणून मला त्या निकालपत्रापेक्षा हे प्रगतिपुस्तक अधिक विश्वसनीय वाटते. १९३३ नंतर जर्मनीत तर यासाठी स्वतंत्र न्यायालयेच स्थापन झाली. चीनमध्ये कित्येक वर्षे गरोदरपणासाठी परवान्याचा कागद लागत असे. तेच शासन आज अधिक मुले व्हावीत म्हणून सवलती देते. कागद देणाऱ्याचे मत बदलले, म्हणजे तेव्हा ज्यांचे गर्भ पाडले गेले ते चुकले होते असे झाले काय?

आणि आपल्याकडे? २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न वर्तमानपत्रांतून पुढे आला, तेव्हा राज्य सरकारला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. पाळीच्या दिवसांत काम बुडाले की खाडा धरला जातो, खाड्याचे पैसे उचलीत चढतात. आमच्या विद्यार्थ्यांच्या माता तिशीतच पिशवी काढून आलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यांना आई व्हायचे की नाही, केव्हा व्हायचे, तान्हे फडात न्यायचे की मागे ठेवायचे, याची परवानगी त्यांना आजही लागतेच. फक्त ती देणाऱ्याच्या हाती शिक्का नसतो, उचलीची वही असते. माझ्या तरुण सहकाऱ्याला परवान्याचा अभाव दिसत होता. मला त्या मुलाभोवती परवानेच परवाने दिसू लागले.

या लेखाचा कच्चा मसुदा मी माझ्या मुलीला वाचायला दिला. ती आता नर्सिंगला आहे. वाचून म्हणाली, "मग मला कुणालाही न तपासता देऊन टाकलं असतं तर चाललं असतं?" नसते चालले. मी जी तपासणी दिली ती थोडी लाजिरवाणी होती, पण तिची मला तक्रार नाही. ते मूल जन्मलेले होते, एकदा टाकले गेले होते आणि शासनाच्या ओटीत होते. दुसऱ्याच्या पदरी घालताना त्याने पदर पाहायलाच हवा. तसेच, जन्मलेल्या मुलाला घरात मार बसत असेल तर घराचा उंबरा पवित्र मानायचे मला कारण नाही. दारू पिऊन मुलाला चटके देणाऱ्या एका बापाविरुद्ध मी बालकल्याण समितीपुढे उभी राहिले आहे आणि त्याच्या शिव्याही खाल्ल्या आहेत. पण तो बाप तसा निघेल हे त्याच्या लग्नाच्या दिवशी कुठल्या फॉर्मवरून कळले असते? फॉर्मवर कळले असते ते इतकेच की तो भूमिहीन आहे, अंगठेबहाद्दर आहे आणि वर्षातले सहा महिने गावात नसतो.

राहुलच्या प्रव्रज्येची कथा आपण मुलांना प्रार्थनेनंतर सांगतो. सात वर्षांचा राहुल वारसा मागायला गेला आणि श्रामणेर झाला. शुद्धोदनाने भगवंतांना येऊन आपले दुःख सांगितले: आधी पुत्र गेला, मग नंद, आता नातू. तेव्हा भगवंतांनी नियम घालून दिला की, आईबापांच्या अनुज्ञेवाचून कोणत्याही मुलाला प्रव्रज्या देऊ नये. ही कथा मी शेकडो वेळा सांगितली असेन. त्या झोप न आलेल्या रात्री प्रथमच लक्षात आले की, तिच्यात परवानगी मागायची आहे ती संघाने, आणि ती द्यायची आहे आईबापांनी. आमच्या नोंदवहीत मात्र ती मुकादमाने दिली होती, आणि मी ती निमूटपणे लिहून घेतली होती.

डिसेंबरमध्ये दोन दिवसांची रजा टाकून, नोंदवही पिशवीत घालून मी त्या कारखान्याच्या परिसरात गेले. शंभरेक कोप्या होत्या. विचारत विचारत तिसऱ्या प्रहरी त्या मुलाची आई सापडली. मोळी डोक्यावरून खाली टाकून ती आली. बोटे काजळीने काळी, पाचटाने कापलेली. शाईची डबी उघडेपर्यंत तिने अंगठा पदराला दोनदा पुसला. 'मुकादम' या शब्दावर मी रेघ मारली, शेजारी 'आई' लिहिले, आणि तिने अंगठा दाबून धरला. मग वाकून त्या रकान्याकडे पाहत विचारले, "बाई, ह्यात माझं नाव कुठं हाय?"

मी बोट ठेवून दाखवले. तिने ते पुन्हा एकदा दाखवायला लावले, आणि मग तो रात्री पांघरूण घेतो का, असे विचारले.