पंगत आणि परिषद

आमच्या जळगांवच्या घरीं गेल्या वर्षीं दोन कार्यें एकाच महिन्यांत आलीं. एक धाकट्या नातवाची मुंज. दुसरें, धुळ्यास संशोधन करणाऱ्या आमच्या पुतणीस परदेशांतील स्फटिकवर्धन-परिषदेचें आलेलें बोलावणें. पहिल्याचें महत्त्व घरांत कोणास सांगावें लागलें नाहीं. दुसऱ्याचें कोणास कळलें नाहीं.

तिचें काम म्हटलें तर स्वयंपाकघरांतल्यासारखेंच. सोडियम सिलिकेटच्या द्रावांत टार्टरिक आम्ल मिसळून परीक्षानळींत ठेवलें कीं तें मिश्रण दह्यासारखें विरजतें. त्यावर कॅल्शियम क्लोराइडचें पाणी अलगद सोडावयाचें. तें आंत इतकें सावकाश झिरपतें कीं एकदम पुष्कळ कण न पडतां मोजकेच स्फटिक कित्येक आठवडे वाढत राहतात. अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयांतहि या रीतीनें काम झालेलें आहे. भांडवल थोडें, धीर फार. आमच्या खानदेशास साजेशीच ही विद्या.

मग त्यासाठीं परदेशीं कशाला जावयाचें, असें आम्हीं विचारलें. ती म्हणाली, "काका, छापलेल्या निबंधांत साधलेले स्फटिक असतात. बिघडलेल्यांची हकीकत माणसें समोरासमोर बसल्यावरच सांगतात." १९६६ सालीं बोस्टन येथें या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, ती बहुधा याचसाठीं.

तरुण संशोधकांच्या प्रवासाची सोय सरकारनें केलीच नाहीं असें नाहीं. विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ पस्तिशीच्या आंतील संशोधकांस विमानभाडें व नोंदणी-शुल्क देत असे. २०२३ च्या कायद्यानें त्या मंडळाची जागा अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानानें घेतली. पुतणीनेंहि एके ठिकाणीं अर्ज केला होता. होकार ना नकार, आणि परिषद आटोपून गेली.

तिकिटापुरते पैसे घरांत नव्हते काय? होते. ते मुंजीच्या पंगतींत गेले. त्या दिवशीं ती कमरेस पदर खोचून जिलब्या वाढीत होती. चेहऱ्यावर रुसवा नव्हता. तो असता तर आम्हांस बरें वाटलें असतें. देशाटनाचे व विद्वत्सभेचे गुण आम्हीच घरांतल्या मुलांकडून पाठ करून घेतले होते ना?

अमळनेरास १९१६ सालीं श्रीमंत प्रतापशेठांच्या औदार्यानें तत्त्वज्ञान मंदिर उभें राहिलें. साने गुरुजी अध्ययनासाठीं प्रथम तेथेंच आले. आपल्या मुलुखाला विद्येसाठीं पैसा सोडणें नवें नाहीं. आम्हांसच त्याचा विसर पडला होता.

यंदा घरच्या खर्चाच्या वहींत ‘परिषद’ या नांवाचें एक खातें घातलें आहे. प्रत्येक मंगलकार्याच्या खर्चाचा दहावा हिस्सा त्यांत पडावयाचा. अर्ज तर करावयाचेच. पण उत्तर वेळेवर न आलें तरी मुलीला थांबावें लागूं नये, इतकाच हेतु. पुतणीला हें सांगितलें तेव्हां ती कांहीं बोलली नाहीं. मात्र धुळ्यास परततांना एक लहानसा, स्वच्छ स्फटिक देवघरांत, आमच्या आईच्या तसबिरीपाशीं, ठेवून गेली.